न सुकवलेला दाणा

बेंगळुरूच्या ट्रॅफिकमधून वाट काढत, कोणी पार यशवंतपूरहून, तुम्ही सगळे अण्णांच्या शोकसभेला आलात. नमस्कार. मला धड बोलता येईल असं वाटत नाही. पण बसवतही नव्हतं, म्हणून उठले. माइक राहू द्या, अशीच बोलते.

मी वैशाली. दत्ताअण्णा आनेकलच्या ज्या कारखान्यात मशीन चालवायचे, तिथेच मी इंजिनिअर आहे. आम्ही मक्यापासून बनणारं, खतात कुजणारं प्लॅस्टिक करतो. चांगलं असतं, पण ठिसूळ. वाकवलं की काडकन मोडतं. त्यात रबर किती घालायचं, कधी घालायचं, म्हणजे ते चिवट होईल, हे निपाणीच्या या दहावी शिकलेल्या माणसाने शोधलं. मी नाही. मी फक्त वहीत लिहून घेतलं.

आता ऐका. गेल्या वर्षी गिऱ्हाईक यायचं होतं त्या सकाळी प्लॅस्टिकचे दाणे ड्रायरमध्ये सुकवायचे राहिले. राहिले म्हणजे काय, मीच विसरले. दमट दाणा वितळवला की माल ठिसूळ निघतो, हे आमच्याकडे काल लागलेल्या माणसालाही ठाऊक असतं. अण्णा म्हणाले, "बाई, दाणा ओला आहे. स्वल्प थांबू या. चार तास द्या." मी म्हणाले, "वेळ नाही अण्णा. चालवा." त्यांनी चालवलं.

नमुन्याची पट्टी गिऱ्हाइकाच्या हातातच मोडली. साहेबांनी विचारलं, काय झालं? अण्णा शेजारीच उभे होते. आणि मी म्हणाले, "रबराचं मिश्रण फसलं, सर." अहवालातही तेच लिहून दिलं.

त्या मिश्रणाचं काम बंद झालं. अण्णांना पॅकिंगला टाकलं. ते मला एवढंच म्हणाले, "सरी, बाई, ठीक आहे. चालायचंच." कसलं चालायचंच? भांडले का नाहीत ते माझ्याशी? मला अजून राग येतो त्यांचा.

परवा अण्णांच्या घरी भेटायला गेले, तर त्यांच्या पत्नी, अक्काच, माझी समजूत काढायला लागल्या. म्हणाल्या, "हे म्हणायचे, माझंच प्रमाण चुकलं, उगाच बाईंना खाली बघावं लागलं." मी चहा तसाच ठेवून उठले.

अक्का, त्यांचं काही चुकलं नव्हतं. ते तुमच्याशी खोटं बोलले, माझ्यासाठी. काल मी त्यांच्याच प्रमाणाने, दाणा नीट सुकवून, पुन्हा माल काढला. दुमडला, पिळला. मोडला नाही. साहेब, तुम्ही समोर बसलाय म्हणून तुमच्यादेखत सांगते, माझा तो अहवाल खोटा आहे. उद्या मी तो बदलून देणार, अण्णांच्या नावानिशी. मग माझं काय करायचं ते करा.

अण्णा, तुम्ही होतात तेव्हा हे बोलायला मला तोंड नव्हतं.

उभे राहू या सगळे, दोन मिनिटं. वर्षभर मी स्वतःसाठी गप्प राहिले. ही दोन मिनिटं त्यांच्यासाठी.