बाहेर जाणाऱ्या डॉक्टरबाई

सन्माननीय अध्यक्ष म्हणजे आपले वैद्यकीय अधीक्षक, व्यासपीठावरील पाहुणे, आज निवृत्त होणाऱ्या आपल्या बालरोगतज्ज्ञ डॉक्टरबाई आणि सभागृहातील सहकाऱ्यांनो,

आधीच्या वक्त्यांनी बाईंना ममतेचा झरा म्हटलं. ज्यांनी त्यांच्या हाताखाली काम केलंय, ते गालातल्या गालात हसत असतील.

अत्याचार झालेली मुलं आपल्याकडे तपासणीला येतात, तेव्हा समाजसेवा विभागाची प्रमुख म्हणून मी तिथं असते. बाई मुलाला विचारतात, “तपासू का?” मूल नाही म्हणालं, की त्या खरोखर खोलीबाहेर जातात. विचारतो आपण सगळेच. उत्तर ऐकायला थांबतो का?

गेल्या वर्षी आठ वर्षांची एक मुलगी आली. सोबत आई, काका आणि महिला पोलीस. शाळेत प्रकार उघडकीला आल्यावर काकांनी कोपऱ्यावरच्या दुकानदाराकडे बोट दाखवलं होतं. मुलगी म्हणाली, “नाही.” बाई बाहेर. परत आल्या, पुन्हा “नाही”, पुन्हा बाहेर. काका करवादले, “अहो, पोरीला काय विचारत बसलाय? मी सांगतोय ना, तपासा!”

“मॅडम, अशानं आम्हाला इथंच मुक्काम पडायचा,” पोलीसबाई म्हणाल्या.

“पडू दे. चहा मागवा.”

मुलीनं बाईंना हाक मारली. “मी सांगितलं की तुम्ही जाता?”

“जाते.”

“मग काकांना पण जायला सांगा.”

चहा आला, पण कुणी प्यायलं नाही.

आज काका जामिनावर आहेत, घरीच. घर त्यांचं आहे ना! मुलगी बालगृहात. भेटायला गेलेल्या आईला विचारते, “मी घरी कधी येऊ?” गुन्हा कुणाचा आणि घराबाहेर कोण, हे मी सभागृहाला विचारत नाही, न्यायालयात विचारून थकले आहे.

सोमवारी तिची साक्ष आहे. बाईंची स्वतःची साक्ष आधीच झालेली आहे, म्हणून रुग्णालयानं पत्र देऊन पाठवलं तर न्यायालय त्यांना मुलीशेजारी बसू द्यायला तयार आहे. आपलं कार्यालय म्हणतं, निवृत्त माणसाला रुग्णालयातर्फे पाठवता येत नाही. मुलगी म्हणते, बाई नसतील तर मी बोलणार नाही. ती बोलली नाही तर काका सुटतील.

अध्यक्षमहोदय, यानंतर आपल्या हस्ते पुष्पगुच्छ आहे. त्याआधी, सोमवारी बाईंना पाठवतो, एवढं आपण याच माइकवरून सांगा. मी तो चालू ठेवूनच बसते.

ऐकून घेतलंत, आभारी आहे. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर क्षमा करा. मागितलं आहे, त्यात मात्र काही कमी करू नका.