उशिराचा डबा

दवाखान्यात रक्तदाब दाखवायला आलेल्या म्हाताऱ्याशेजारी सासू-सून येऊन टेकल्या. सुनेला आठवा महिना लागला होता.

“तीन महिने पाळणाघर बंद ठेवणार म्हणतेस,” सासू म्हणाली, “मग घरभाडं कोण भरणार?”

“डबा भरेल, आई.”

“कुठला गं डबा?”

“साडेसहानंतर मूल न्यायला येणाऱ्यांना दंड लावते ना, तो त्यात टाकते. चार वर्षांत हात नाही लावला. काल मोजला, तीन महिन्यांचं भाडं निघतंय.”

“म्हणून जुळ्यांच्या आईला कधी बोलत नाहीस होय!”

“कशाला बोलू? त्यातलं एका महिन्याचं भाडं तिच्या एकटीच्या दंडाचं आहे.”

“लबाडच आहेस! आणि मी तिला घड्याळ घेऊन देणार होते.”

“आई, बाळंत होईपर्यंत तरी थांबा!”

“पण तोवर पोरं दुसरीकडे गेली तर?”

“नाही जात. पोरांच्या आया आळीपाळीने आपापल्या घरी सगळ्यांना सांभाळणार आहेत. सोमवारी जुळ्यांची आई.”

“ती? स्वतःच्या घरी तरी वेळेवर पोचेल का?”

“आजोबा, तुमचा नंबर!” नर्सने हाक मारली.

“पुढच्याला जाऊ द्या,” म्हातारा म्हणाला. “मला कुठे घाई आहे!”

“बरं, आणि आपलं हे रत्न तारखेला आलं नाही तर?”

“त्यालाही दंड. घरचं म्हणून सूट नाही.”