जनावर म्हणजे गाय

हसा तुम्ही, पण मला शब्द जमवायचं वेड आहे. कोणत्या गावात कोणत्या प्राण्याला काय म्हणतात, ते मी लाल वहीत लिहून ठेवते. नीलगायीला रोही म्हणतात, हे मला गिरडच्या महादेवभाऊंनी सांगितलं. एकदा त्यांच्याच शेतात वही उघडून विचारलं, "भाऊ, इकडे वाघ आहे का हो?"

"पऱ्हाटी पाहा ना मॅडम, यंदा कशी आली," ते कपाशीकडे हात करत म्हणाले.

मी पुन्हा विचारलं. मग तिसऱ्यांदाही विचारलं. शेवटी ते नाल्याकडे बघत हळूच म्हणाले, "चला मॅडम घरी. जनावर पाणी पिऊन राह्यलं."

मी म्हटलं, "पिऊ द्या की बिचारीला!" आणि गाय बघायला निघाले. काठावर पोचले तर गायीला पट्टे! वही तिथंच टाकून मी अशी पळाले, की चप्पल कुठं राहिली ते आजवर कळलेलं नाही.

धापा टाकत भाऊंवरच ओरडले, "सरळ वाघ म्हणायचं ना!"

"नाव घेतलं का येते ना जी. तुमी तीन खेपा घेतलं. आलं का नाई?"

नवी वही आणली आणि पहिल्याच पानावर लिहिलं, 'जनावर म्हणजे वाघ. नाव घेतलं की येतो.'

परवा पुन्हा गेले. भाऊंच्या बायकोनं मला लांबूनच पाहिलं आणि घरात हळूच हाक दिली, ती मलाही ऐकू आली, "अवो, मागच्या दारानं निंगा. वहीवालं येऊन राह्यलं!"