सतरंजी मोठी हाय

कुरखेड्याच्या बसथांब्यावर पुनमची तान्ही दूध पिऊन नुकतीच झोपली होती आणि पुनमचेही डोळे मिटत आले होते. मागच्या बाकावरचं सासू-सुनेचं बोलणं पाण्यावरून तरंगत आल्यासारखं तिच्या कानी येत होतं.

"रोशनी, ट्रेनिंगची वही वाच. दुपारी ग्रामसभेत मले बोला लागते."

"त्र्याहत्तरावी घटनादुरुस्ती, आत्याबाई."

"दुरुस्ती? मोडलं काय होतं?"

"मोडलं नाई. पंचायतीत बायकाइले जागाच नव्हती. ती राखून ठेवली."

"म्हणून मी सरपंच झाली?"

"म्हणूनच."

"मंग एवढी दुरुस्ती झाली, तं माह्या खुर्चीवर तुहे मामाजी काऊन बसते?"

"ते वहीत नाई, आत्याबाई."

दोघी हसल्या. तान्हीनं झोपेतच ओठ हलवले. पुनम तिला थोपटत राहिली. तेवढ्यात सरपंचबाईंचा नवरा, म्हणजेच ते मामाजी, बाकाशी आला.

"गिरजे, चाल, गाडी येऊन राह्यली. अन् सभेत तू नुसती बसजो. बाकी मी पाहून घेतो."

"पंचायतीचा शिक्का द्या इकडे."

"कायले? माह्या पिशवीत बरा हाय तो."

"आज खुर्चीवर मी बसीन. शिक्काबी मीच मारीन."

"मंग मी कुठी बसू?"

"आजवर मी बसत होती तिथी. सतरंजी मोठी हाय."

मग पेंगुळलेल्या पुनमला पिशवीची चेन हळूहळू उघडत गेल्याचा आवाज आला.