टवका उडालेला माठ

चांद्याच्या मोटारस्टँडवर माझ्या शेजारी मास्तरीण व्हायला शिकणारी सुगंधा आणि तिला न्यायला आलेला तिचा भाऊ बसले होते. मी पुस्तकात डोके घातले होते, तरी ऐकू येत होते.

“चित्रकलेत पास नाई झाली त नोकरी नाई म्हणे?”

“नाईच, भाऊ.”

“तू त रांगोळीत गावात पयली.”

“थेच आडवं आलं. मास्तरानं समोर माठ ठेवला. मी आधी ठिपके टाकले, मंग दोन्ही बाजू सारख्या काढल्या. मास्तर रोज पुसाले लावत.”

“आज?”

“आज नाई लावलं. हे पाह्य, आजचं चित्र.”

“सुगंधे, याच्या काठाचा त टवका उडाला.”

“समोरच्या माठाचाच उडाला हाये.”

“आजच उडाला काय?”

“नाई, भाऊ. पयल्या दिवसापासून तसाच हाये. मले आज दिसला.”