मागून येणारा आवाज

—नाही हो भाऊ, ह्या इलेक्ट्रॉनिक पियानोला काही धाड भरलेली नाही, कॉम्प्युटरही धडधाकट आहे, फक्त दोघांच्या मधली वायर सापडत नाहीये. बसा ना, खुर्ची ओढून घ्या. तुम्हाला दुरुस्तीला बोलावलं आणि हे स्वतः केस कापायला गेलेत, येतीलच. हो, केस! पाठवायचाय नुसता आवाज, तोही कॉम्प्युटरवरून, आणि हे निघाले केस कापायला. कुणाला दाखवायचेत, सांगा बरं मला?

कुणाला पाठवायचं म्हणजे? त्या गाणाऱ्या बाईला. हे तिला मॅडम म्हणतात, मी कोकिळाबाई म्हणते — मनातल्या मनात. कुठल्याशा कार्यक्रमात भेटली. हे इथे वाजवून पाठवणार, ती तिच्या घरी बसून त्यावर गाणार, मग दोघांचं फोनवर वा वा, क्या बात है. आज संध्याकाळपर्यंत हवंय तिला. मला काही वाटत नाही हो! नवऱ्याच्या कलेचं चीज होतंय, आनंदच आहे. आनंद म्हणजे — बघा, आधी हे साध्या फोनवर रेकॉर्ड करायचे. फोन पियानोवर ठेवायचा की झालं. मी स्वयंपाकघरात, हात कामात, कान इकडे — लग्न झाल्यापासून आमचं असंच. हे वाजवणार, मी ऐकणार, आणि सूर चुकला की आतून ओरडणार, 'अहो, घसरलात!' तर ही बया काय म्हणाली माहितीये? 'मागून भांड्यांचा आवाज येतो, तेवढा काढता आला तर बघा.' तेवढा! म्हणजे मी! आणि ह्यांनी एका शब्दाने विचारलं नाही हो, मुकाट्याने वायर घेऊन आले. आता वाजवलेलं थेट कॉम्प्युटरात, ह्यांच्या कानाला हेडफोन, आणि मी भिंतीपलीकडे असून मला काय ऐकू येतं? टक टक टक. नुसत्या पट्ट्या आपटल्याचं. सूर सगळे तिला, टकटक मला. जळते म्हणता? जळतेच! का जळू नये?

काय? प्रिंटरची? प्रिंटरची वायर ह्याला बसते? तेच चौकोनी टोक? अगं बाई — मग तीसुद्धा पिठाच्या डब्यात घालायला हवी होती की! — नाही, काही नाही. काही म्हणाले नाही मी. असं बघू नका माझ्याकडे, पिशवीत गुंडाळून ठेवलीये, वायरीला काही होत नाही.

लावलीतसुद्धा? चालला म्हणता पियानो? वाजवा बघू. — वाजवताय ना? मला तर काहीच — हां, हेडफोन तुमच्या कानाला. टक टक. ऐकलंत? तुम्ही कसे ऐकणार म्हणा, तुम्हाला सूर येतायत.

काढा ती वायर. काढा म्हणते ना! फाटक वाजलं, आलेच हे. प्रिंटरची प्रिंटरला लावा, आणि ह्यांना सांगा की आज काही जमत नाही, घाई असेल तर आपलं पहिल्यासारखं फोनवरच करा. एवढंच सांगा, बाकी एक अक्षर नको. उठा आता भाऊ, मला भांडी घासायला बसायचंय.