‘शेवट नाही’ ही ओळ

— नाही, ती ओळ परत वाचा जरा. तेवढीच. ‘सदर खेळास कथा नाही, आशय नाही व शेवटही नाही.’ हं. आणि त्याच्याखाली मी सही करायची, कुसुमावती पद्मनाभ म्हणून, मी तो खेळ स्वतः पाहिलाय म्हणून. बसा हो श्रीवत्स, हे बँकेत गेलेत, तुम्ही हुबळीहून उन्हातनं आलात, चहा तरी घ्या. तुमच्या वकीलसरांनी सांगितलं असेल, काकूंची सही घ्या आणि या. घ्याल की. मला आधी कळू तर द्या — खेळ म्हणजे बोलणं नव्हे, असं कोर्टाला सांगायचं आपण, हो ना? आमच्या सुनेनं पुस्तक लिहिलं असतं तर तिला बोलायचा हक्क, नाटक केलं असतं तरी हक्क, आणि कॉम्प्युटरवरचा खेळ केला म्हणजे तो कॅरम बोर्डासारखा, त्याला कसला हक्क, घाला बंदी. हे रोज जेवताना समजावतात मला. शिरस्तेदार होते ना कोर्टात, आमच्या घरी कायदा भाताबरोबर वाढतात.

दीपश्रीला तुम्ही पाहिलंय कोर्टात. आमची सून — आता सून म्हणायचं की नाही, काय की. आमचा संजीव लग्न झाल्यावर मस्कतला गेला परत, व्हिसा झाला की नेतो म्हणाला, आणि ती राहिली आमच्याजवळ, मळमड्डीत, ह्याच घरात. इंजिनियर पोरगी, बेंगळूरची नोकरी सोडून आलेली. कन्नड घरातली, सासूला म्हणतात तसं मला अत्ती म्हणायची. ह्यांनी तिच्यावर कधी हात उगारला नाही, हवं तर लिहून घ्या. आवाजसुद्धा चढवला नाही. फक्त ती दाराशी गेली की ह्या खुर्चीतनं विचारायचे — कुठं निघालीस? दुकानात म्हटलं तर, काय हवंय सांग, मी आणतो. देवळात म्हटलं तर, संध्याकाळी सगळे मिळून जाऊ. मैत्रिणीकडे म्हटलं तर, तिलाच इकडं बोलाव की. सगळं गोड. आणि पोर परत स्वयंपाकघरात. मला कसं माहीत? मला नाही तर कुणाला माहीत असणार — लग्न होऊन आले तेव्हापासनं ह्याच खुर्चीपुढनं मागं फिरतेय मी. ते राहू द्या. ते नका लिहू.

मग ती गेली. हुबळीच्या वाटेवर रायापूरला खोली घेतली, तिथं बसून हा खेळ केला. एक घर, एक दार, एक खुर्ची, आणि खेळणारा जो कोण असेल तो सून. दाराशी जायचं, सासरा विचारतो, खाली उत्तरं येतात, कुठलंही निवडा, परत चुलीपाशी. गावाचं नाव नाही, माणसांची नावं नाहीत — पण अंगणातली फरशी जशी फुटलीय तशीच काढलीय, शेजारच्या मंगलाबाईंनी ओळखली आणि गल्लीभर झालं. ह्यांनी बदनामीचा दावा लावला, मनाई हुकूम आणला, खेळ बंद. पुराव्याची एक प्रत ह्या कॉम्प्युटरवर आहे. हे रोज आंघोळ करून बसायचे खेळायला — हसू नका — सून होऊन. त्यातला सासरा ह्यांनाच विचारायचा, कुठं निघालीस, आणि हे रागानं बटणं दाबायचे, आणि परत चुलीपाशी. शेवटी कंटाळले. याला शेवटच नाही म्हणाले, आणि तोच मुद्दा तुमच्या सरांनी उचलला. शेवट नाही म्हणजे गोष्ट नाही, गोष्ट नाही म्हणजे बोलणं नाही.

मागच्या तारखेला जज्जांनी तिलाच विचारलं म्हणे, शेवट आहे का, असेल तर दाखवा. हे खुशीत सांगत होते — पोरगी मान खाली घालून उभी राहिली, तिचा वकीलसुद्धा तिच्या तोंडाकडे बघत राहिला. मी ताक घुसळत होते, माझा हात थांबला.

कारण शेवट आहे. मी पाहिलाय. काकूंनी एकदा बघावा असं तुमच्या सरांनीच सांगितलं ना, म्हणून हे बाहेर असताना मी बसले खेळायला. मी दाराशी गेलेच नाही, सवयच नाही मला. त्या चित्रातल्या सासूपाशी जाऊन उभी राहिले. ती आपली पाठ करून पोळ्या लाटतेय, तिच्याशी बोलावं असं ह्यांना सुचलंसुद्धा नाही. मी बोलले तर म्हणाली, पिशवी घे. घेतली. दाराशी गेले, सासरा म्हणाला कुठं निघालीस — आणि खाली उत्तरं आलीच नाहीत, आतनं सासूच बोलली. ‘मी पाठवलंय तिला.’ आणि दार उघडलं हो. रस्ता दिसला, रिक्षा दिसली. पिशवीत तिचे कपडे होते, सर्टिफिकिटं होती, वरनं दिसू नये म्हणून मी मेथीची जुडी —

म्हणजे त्या सासूनं. खेळातल्या.

ब्याड, नको, कागदात डोकं घालू नका आता. समजलात तुम्ही. ह्यांना अजून वाटतं ती मागल्या दारानं पळाली, आणि मी भाजी देऊन तिला शेजारी पाठवलं होतं ते वेगळ्या दिवशी. तिनं शेवट दाखवला असता तर तिथंच जिंकली असती. मला सांभाळायला गप्प राहिली पोर, आणि मी सही करू, शेवट नाही म्हणून? नाही केली तर हे विचारणार, तुला कसं ठाऊक, दाखव. दाखवला की झालंच. आणि हे सगळं मी सांगतेय कुणाला, तर ह्यांच्याच वकिलाला. तुम्हाला सरांना सांगावं लागेल की हे — लागेलच. काय माझं तोंड. पण मला एक सांगा, एवढं शिकलाय — ह्या घरात जन्म गेला, माझ्याशी असं कुणी बोललं नव्हतं. त्या यंत्रातनं ती माझ्याशी बोलली. मी तुला विसरले नाही अत्ती, असंच बोलली की. आणि ते बोलणं नव्हे?

फाटक वाजलं. आले. — हो, हो, वकील आलेत, चपला काढा, पाणी आणते! — उठा तुम्ही. चहा राहू द्या. सही झाली नाही एवढंच सांगा सरांना, पुढचं काय सांगायचं ते तुमचं तुम्ही ठरवा. कागद नेऊ नका, ठेवा इथं. ती ओळ ह्यांना मीच वाचून दाखवते.

जा.